डाग ओळखा, दाम ठरवा



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. कपड्यांवरचे हट्टी डाग आणि बाजारात जुनी मिळणारी खिडकीची लोखंडी जाळी, यांचा एकमेकांशी संबंध तो काय? पण हा संबंध आमच्याच घरात जुळला. कसा, तेच आधी सांगतो.

आमचे घर रायगड जिल्ह्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. माडीच्या खिडकीचे लाकडी गज वाळवीने खाल्ले होते. नवी जाळी करून घ्यायची तर खर्च फार. म्हणून 2018 सालच्या मे महिन्यात मी तालुक्याच्या गावी गेलो आणि जुन्या सामानाच्या एका दुकानातून लोखंडी जाळी उचलली. हिरवागार ताजा रंग, नक्षीही बरी. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, नव्याच्या निम्म्या दामात देतो, घेऊन जा." मी जन्मभर मुलांना नफा-तोटा शिकवला. पण त्या दिवशी ना जाळीचे वजन केले, ना तिच्यावर हातोडी मारून पाहिली. रंग पाहिला आणि पैसे मोजले!

पावसाळा आला. श्रावणापर्यंत खिडकीखालच्या पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरले. खिडकीजवळच्या दांडीवर माझे ओले धोतर वाळत होते. ते वाऱ्याने जाळीला चिकटले आणि त्यावर गजांच्या खुणा उमटल्या. मी म्हटले, डागच तो, आत्ता काढतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर बादलीत कालवली आणि धोतर रात्रभर त्यात बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो डाग होता तिथेच, उलट अधिक पक्का झालेला. आणि धोतर बोट लावताच फाटू लागले.

पण धोतराचे काय घेऊन बसलात! 2019 च्या उन्हाळ्यात माझा दोन वर्षांचा नातू त्या खिडकीच्या कट्ट्यावर गज धरून उभा होता. मुलांना गज हलवायची सवयच असते. त्याने एक गज ओढला आणि गजाचे खालचे टोक जोडातून सुटून त्याच्या हातात आले. पोराचा तोल गेला. नशिबाने आमच्या सौ. तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी झबले धरून त्याला मागे ओढले. खाली अंगणात दगडी जोते आहे. पुढचे मी बोलत नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्या पोराला बोलावले. त्याने जोडापाशी चाकूचे टोक घातले, ते सरळ आत गेले. तो म्हणाला, "गुरुजी, लांबी भरून वरून रंग मारलाय हो. आत लोखंड राहिलंय कुठं? घेताना ठोकून बघितली नव्हती का?" मी गप्प राहिलो. काय उत्तर देणार?

मंडळी, पुढे विचार केला तेव्हा ध्यानात आले, की माझी चूक दोन्ही वेळेस एकच होती. धोतरावरचा डाग कशाचा, हे मी विचारले नाही आणि हाताला लागले ते औषध ओतले. जाळीच्या रंगाखाली तोच गंजाचा डाग किती खोल गेला आहे, हेही मी विचारले नाही आणि मागितले ते दाम दिले. तेव्हा आज तुम्हांला एवढेच सांगायचे आहे: डाग दिसला की आधी तो कशाचा आहे आणि किती खोल आहे, हे ओळखा. मग साबणाला हात घाला, किंवा पैशाच्या पाकिटाला.

आधी कपड्यांचे बघू.

आपल्या घरातला सर्वांत नेहमीचा डाग हळदीचा. आमटीचा थेंब सदऱ्यावर पडतो, आपण साबण लावतो आणि पिवळा डाग एकदम लाल होतो! नवी सून असेल तर घाबरून जाते. घाबरण्याचे कारण नाही. हळदीतल्या रंगद्रव्याचा हा गुणच आहे. साबण, सोडा, चुना असा क्षार लागला की ते लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करत, ते याच गुणावर. तेव्हा हळदीच्या डागाला साबण लावा, चोळा, स्वच्छ धुवा आणि कपडा कडक उन्हात वाळत घाला. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. एका उन्हात गेला नाही, तर पुन्हा ओला करून दुसरे ऊन द्या. मात्र रंगीत कपड्याचा मूळ रंगही उन्हाने उडतो, एवढे ध्यानात ठेवा.

शिक्षक बंधूंना येथे एक सुचवावेसे वाटते. हळदीच्या पाण्यात साध्या कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. एका पट्टीवर साबणाचे पाणी सोडा, ती लाल होईल. त्याच जागी लिंबू पिळा, ती पुन्हा पिवळी होईल. आम्ल आणि क्षार यांचा पाठ दोन रुपयांच्या हळदीत होतो. आणि मुले घरी जाऊन आईला सांगतात, ते वेगळेच.

दुसरी जात रक्त, दूध, अंडे यांच्या डागांची. यांना कधीही गरम पाणी लावू नये. अंडे उकळत्या पाण्यात घातले की घट्ट होते ना? तसेच हे डाग गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतात. आधी गार पाण्यात अर्धा-एक तास भिजत ठेवावे, मग गार पाण्यातच साबणाने धुवावे. शेतात काम करताना हात-पाय कापतो, लुगड्याला रक्त लागते; तेव्हा पहिले काम गार पाण्याचे.

तिसरी जात तुरट पदार्थांची. चहा, डाळिंबाची साल, कच्चे केळे, जांभूळ, हिरडा ही सगळी त्यातली. यांच्या अंगी तुरटपणा आणणारे द्रव्य असते आणि ते लोखंडाला भेटले की काळे होते. विळीवर कच्चे केळे चिरले की बोटे काळी पडतात, ती यामुळेच. कापड रंगवणारे कारागीर हिरडा आणि लोखंड यांच्यापासून काळा रंग पूर्वापार करत आले आहेत. म्हणून चहा सांडलेला कपडा गंजक्या बादलीत भिजत घालू नका, नाहीतर तांबूस डागाचा काळा डाग होईल. ताजा असतानाच साध्या पाण्याने भरपूर धुवा, मग लिंबू लावून थोडा वेळ ठेवा आणि पुन्हा धुवा. केळीच्या चिकाचा डाग मात्र एकदा वाळला की जवळजवळ जातच नाही. केळीच्या बागेत काम करणारा माणूस त्यासाठी एक जुना सदरा वेगळा ठेवतो, तेच शहाणपण.

चौथी जात तेलाची आणि वंगणाची. सायकलच्या साखळीचे, पंपाच्या इंजिनाचे वंगण कपड्याला लागले की लोक आधी पाणी ओततात. तेलावर पाणी काय करणार? ताज्या तेलावर आधी खडूची भुकटी किंवा पीठ दाबून ठेवावे, ते तेल शोषून घेते. मग झटकून साबण लावावा. काळे वंगण किंवा डांबर असेल, तर डागावर थोडे खोबरेल तेल चोळावे. ते वंगण सैल करते. मग साबण आणि कापडाला सोसेल इतके गरम पाणी.

आता शाळेतला डाग. बॉलपेनची शाई पाण्याने पसरते. डागाखाली जुन्या कापडाची घडी ठेवा, वरून कापसाने स्पिरिट टिपा आणि घडी सरकवत राहा. शाई खालच्या कापडात उतरते. चोळू नका, नुसते टिपा. आणि स्पिरिट लगेच पेट घेते, तेव्हा चूल, उदबत्ती, विडी यांच्या जवळ हे काम कधीही करू नका.

राहिला गंजाचा डाग, म्हणजे माझ्या धोतराचा. त्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावावे, उन्हात ठेवावे, वाळू लागले की पुन्हा रस लावावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. लिंबाचे आम्ल गंजाला विरघळवते. टीसीएल पावडर किंवा बाजारातले पांढरे करणारे पाणी गंजावर कधीच वापरू नये; त्याने गंज आणखी पक्का होतो आणि सुती धागा कुजतो. रेशीम आणि लोकर यांना तर हे पाणी मुळीच चालत नाही. शालू, पैठणी यांवर डाग पडला, तर घरचे प्रयोग न करता जाणकाराकडे द्यावे.

भांड्यांचेही थोडक्यात सांगतो. तांब्या-पितळेचा काळपटपणा चिंच आणि मीठ यांनी जातो, हे आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतेच. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र धुण्याचा सोडा लावू नका. तो धातूच खातो आणि भांडे काळे पडते. त्यात चिंचेचे पाणी उकळावे. चुलीवर भांडे चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा हात फिरवला, तर काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते.

येथे एक धोक्याची सूचना देतो, ती घरातल्या सगळ्यांनी ऐकावी. मोरी आणि संडास धुण्यासाठी आपण ॲसिड आणतो आणि टीसीएल पावडरही आणतो. ही दोन एकत्र कधीही करू नका. एकाने गेले नाही म्हणून त्यावर दुसरे ओतू नका. दोघांच्या संयोगातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो माणसाचा श्वास कोंडतो. आणखी एक: आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी असते. तो चुनखडीचा दगड आहे. ॲसिडच काय, लिंबूसुद्धा त्याला खाते. डाग जातो, पण त्याबरोबर फरशीची वरची गुळगुळीत कातडीही जाते आणि त्या खरखरीत जागी पुढचे डाग दुप्पट बसतात. शहाबादीला साबण, पाणी आणि काथ्या एवढेच पुरे.

आता खिडकीच्या जाळीकडे वळू.

जुनी जाळी घेण्यात काही कमीपणा नाही. जुन्या इमारती पाडल्या जातात, वाडे उतरवले जातात, त्यांतून निघालेले लोखंड पुष्कळदा आजच्या नव्या हलक्या जाळीपेक्षा जाड असते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार यांची नावे आपण ऐकली असतील. पण हल्ली जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एखादे दुकान असतेच. पाहून घेतली तर जुनी जाळी चांगला सौदा ठरते. पाहायचे कसे, ते सांगतो.

जाताना बरोबर चार वस्तू न्या: लहान हातोडी, बोथट चाकू, मोजपट्टी आणि किराणा दुकानातली मिठाची एक किलोची बंद पिशवी. मीठ कशाला, ते पुढे कळेल.

पहिले, ताज्या रंगाला भुलू नका. जुन्या जाळीला विकण्यापूर्वी रंग देण्यात गैर काही नाही, पण रंगाने दिसते कमी आणि झाकते फार. मी म्हणेन, बिनरंगाची, गंज दिसणारी जाळी एका परीने प्रामाणिक असते. तिचा डाग उघड्यावर असतो.

दुसरे, गंज वरचा की आतला, ते ठरवा. वरचा गंज म्हणजे पातळ तांबूस भुकटी. बोटाने पुसली तर बोटाला लागते आणि खाली लोखंड गुळगुळीत असते. असा गंज साफ होतो, त्याला भिण्याचे कारण नाही. आतला गंज पापुद्र्यांचा असतो. पापुद्रा उचलला की खाली दुसरा पापुद्रा. तिथे लोखंड फुगलेले दिसते, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. अशा ठिकाणी गज जाड दिसतो, पण असतो बारीक. फुगलेला गज जाड म्हणून घ्याल, तर फसाल.

तिसरे, खालचे जोड पाहा. पावसाचे पाणी गजावरून उतरते आणि खालच्या पट्टीच्या जोडात साचते. म्हणून जाळी सडते ती नेहमी खालून. प्रत्येक गजाच्या खालच्या टोकाशी चाकूचे टोक दाबून पाहा. लोखंड असेल तर चाकू थांबेल. लांबी असेल तर आत शिरेल. मग हातोडीने हलकेच ठोका. निकोप गज खणखणीत वाजतो. सडलेला गज किंवा सुटलेला जोड बद्द वाजतो. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतोच ना? तेच इथे. जाळी पोकळ नळीची असेल, तर अधिकच सावध राहा. नळी आतून सडते आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

चौथे आणि महत्त्वाचे, वजन. इथे थोडा हिशोब आहे, पण सातवीतला मुलगा करू शकेल इतका सोपा. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन साधारण 7.85 ग्रॅम असते. समजा जाळीचे उभे गज चौकोनी, 12 मिलिमीटर म्हणजे 1.2 सेंटिमीटर जाडीचे आहेत. एक मीटर गजाचे घनफळ 1.2 गुणिले 1.2 गुणिले 100, म्हणजे 144 घन सेंटिमीटर. त्याला 7.85 ने गुणले की 1,130 ग्रॅम. म्हणजे मीटरला सव्वा किलोपेक्षा थोडे कमी. 25 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड पट्टी असेल, तर तिच्या एका मीटरचे वजन याच रीतीने साधारण 980 ग्रॅम येते.

आता खिडकी घ्या 120 सेंटिमीटर लांब-रुंद. उभे गज 9, आडव्या पट्ट्या 4. गजांची एकूण लांबी 10.8 मीटर, त्यांचे वजन सुमारे 12.2 किलो. पट्ट्यांची लांबी 4.8 मीटर, वजन सुमारे 4.7 किलो. एकूण झाले जवळपास 17 किलो. आता जाळी काट्यावर ठेवा. 17 च्या आसपास भरली तर ठीक. 14 भरली तर विचारा, तीन किलो लोखंड गेले कुठे? ते गंजाने खाल्ले, नाहीतर गज पोकळ आहेत.

गंजाने किती नुकसान होते, याचाही अंदाज घ्या. 12 मिलिमीटरच्या गजाची जाडी गंजाने 11 झाली, म्हणजे चारी बाजूंनी फक्त अर्धा अर्धा मिलिमीटर गेला. डोळ्यांना तो फरक कळणारही नाही. पण वजन मीटरला 1,130 ग्रॅमचे 950 ग्रॅम होते. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा लोखंड नाहीसे झाले! शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. शाळेच्याच खिडकीचा गज मुलांकडून मोजून घ्यावा आणि जाळीचे वजन कागदावर काढायला सांगावे. घनफळाचा धडा मुले विसरायची नाहीत.

मिठाची पिशवी कशाला, ते आता सांगतो. दुकानदाराच्या काट्यावर आधी काहीही न ठेवता शून्य दिसते का, ते पाहा. मग पिशवी ठेवा. किलोच्या जागी भलताच आकडा दिसला, तर पुढचा हिशोब व्यर्थ. यात दुकानदाराचा अपमान नाही. चोख माणूस स्वतःच म्हणेल, ठेवा बघू.

आता दाम. जुन्या जाळीच्या किमतीला एक तळ असतो आणि एक छत असते. तळ म्हणजे मोडीचा भाव: ती जाळी भंगारात घातली तर त्या दिवशी किलोला काय मिळेल, तो. छत म्हणजे तशीच नवी जाळी रंगासह करून घ्यायला काय पडेल, तो आकडा. हे दोन्ही भाव सारखे बदलतात, म्हणून त्या दिवशीच दोन ठिकाणी विचारावेत. मी फक्त हिशोबाची रीत सांगतो, आकडे मानलेले आहेत.

समजा मोडीचा भाव किलोला 30 रुपये, आणि नवी जाळी किलोला 100 रुपये. आपली जाळी 17 किलोची. तेव्हा मोडीची किंमत 510 रुपये, नवीची 1,700. आता नवीच्या किमतीतून तुमचा पुढचा खर्च वजा करा. टेंपोचे भाडे 150, कापून-जोडून खिडकीच्या मापात बसवण्याचे 250, घासणे आणि रंग यांचे 300. झाले 700. उरले 1,000. त्यातून जाळीच्या वयाबद्दल काही वजा करा. सहावा हिस्सा धरला तर 1,700 चे सुमारे 280. उरले 720. म्हणजे ही जाळी 510 आणि 720 यांच्या मध्ये कुठेतरी मिळाली, तर सौदा बरा. दुकानदार "नव्याच्या निम्म्यात देतो" म्हणाला, तर निम्मे म्हणजे 850. ऐकायला गोड, पण हिशोबात तोटा! माझे असेच झाले. निम्मे म्हटल्यावर मी हरखलो आणि वजाबाकी करायला विसरलो.

आणि एखादा जोड सडलेला निघाला, तर? तो एकच असेल आणि नवा तुकडा जोडता येत असेल, तर त्याची मजुरी वजा करून घ्या. तीन-चार जोड गेले असतील, तर ती जाळी नव्हे, ती मोड आहे. मोडीच्या भावाने दिली, तरी घरी आणू नका. माडीच्या खिडकीसाठी तर नकोच नको.

मापाचेही पाहा. जाळी खिडकीपेक्षा थोडी मोठी असली तर कापता येते. लहान असली तर जोड वाढतात, आणि जिथे जोड तिथे पाणी. माल कुणाच्या घराचा, कुठून आला, हे विचारा आणि पावती घ्या. भाव फारच पडेल आणि पावतीला नकार असेल, तर पाय मागे घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, चोरीचा माल आहे असे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हाच आहे.

जाळी घरी आली. आता सगळ्यांत जपून करायचे काम, ते म्हणजे जुना रंग. पूर्वी गंज रोखण्यासाठी लोखंडाला शिशाचा शेंदरी रंग देण्याची रीत होती, आणि तेलरंगांतही शिसे असे. शिसे हे विष आहे. ते लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. मूल वरून धडधाकट दिसते, पण त्याची शिकण्याची शक्ती कमी होते. आपल्या देशात 2016 साली याबद्दल नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असू नये, असे बंधन आले. पण तुम्ही आणलेली जाळी त्याआधीची असू शकते. तेव्हा तिचा रंग विषारी आहे असे धरूनच चाला.

म्हणजे करायचे काय? रंग घट्ट बसलेला असेल, तर तो खरवडूच नका. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावरच नवा रंग द्या. सुटलेला रंग काढायचाच असेल, तर घरापासून दूर, खाली जुने प्लॅस्टिक अंथरून, पाणी मारत ओला घासा. कोरडा घासू नका, त्याची धूळ उडते. जाळून तर मुळीच काढू नका. नाका-तोंडाला धुळीचा मुखवटा बांधा. मुले आणि गरोदर बायका तिथे नकोत. निघालेला चुरा प्लॅस्टिकमध्येच गुंडाळून टाका. तो परसात, गोठ्यात किंवा चुलीत जाऊ देऊ नका. काम झाल्यावर हात-तोंड धुवा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा. हाही एक डागच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त वाईट.

मग जाळी पूर्ण वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या. रात्रभर उघडी ठेवलीत, तर दव पडून सकाळी पुन्हा गंज धरेल. खालच्या जोडांना दोन हात द्या. वर तेलरंग. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात हे काम पावसाळ्यापूर्वी, वैशाखाच्या उन्हात उरकावे आणि दर वर्षी खालच्या जोडांवर नजर टाकावी. झोपण्याच्या खोलीत एक तरी जाळी बिजागरीवर उघडणारी ठेवा आणि तिची किल्ली जवळच, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगा. आग लागली तर चोराला अडवणारी जाळी घरच्यांनाही अडवते.

आमची ती हिरवी जाळी मी शेवटी मोडीत घातली. दुसरी जाळी आणायला गेलो, तेव्हा हातोडी माझ्या पिशवीत होती आणि वेल्डिंगवाला पोरगा बरोबर होता. तीही जुनीच, रंग उडालेली, बऱ्यापैकी तांबूस. पण प्रत्येक गज घंटेसारखा वाजला. नातू आता शाळेत जातो. खिडकीत बसतो तेव्हा अजून गज हलवून पाहतो, आणि मी त्याला रागावत नाही. घरात एक माणूस तरी रोज जाळी तपासतो आहे, असे समजतो.

आणि ते धोतर? सौ.नी त्याची फडकी केली. परवा त्यांतलेच एक घेऊन मी सायकलची साखळी पुसत होतो, तर त्या म्हणाल्या, "अहो, हा डाग मात्र काढायला जाऊ नका हं!"